महिन्याला अडीचशे डॉलर आणि घरात एक पायलट

ताई, नमस्कार.

वय ३६, नोकरी सॉफ्टवेअरची, मुक्काम ओहायोत डेटनजवळ बीव्हरक्रीकला. दोन वर्षांपूर्वी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळवलं. तेव्हा आम्ही दोघंच होतो, सोळा हजार डॉलर गेले तरी टोचले नाहीत. आता मुलगी दीड वर्षाची आहे, डे-केअर आहे, घराचा हप्ता आहे. शेवटचं उड्डाण केलं त्याला पाच महिने झाले. फ्लाइंग स्कूलचं सेसना १७२ हे चार खुर्च्यांचं छोटं विमान तासाला १८५ डॉलरला मिळतं, आणि बुकिंग करायला बसलो की डोळ्यांसमोर डायपरचे खोके येतात. बायकोने आणि मी मिळून सगळा खर्च मांडला, तेव्हा या हौसेसाठी महिन्याला २५० डॉलर निघाले. त्यावर एक सेंटही नाही.

माझ्यापुढे तीन वाटा आहेत. एक, घरावर कर्ज काढून ३६ हजारांचं जुनं, दोन खुर्च्यांचं सेसना १५० घ्यायचं. एक ओळखीचे म्हणतात, विमान स्वतःचं असलं की तास पेट्रोलच्या भावात पडतो. दोन, मंडळातले मित्र म्हणतात, आम्हाला वरून फॉल कलर्स, म्हणजे शरदातली रंगीत झाडं दाखव, माणशी शंभर डॉलर देतो. तीन, सगळं सोडून द्यायचं. सासरे फोनवर म्हणाले, "आपण काय टाटा आहोत का?" बायकोचा विरोध नाही. ती एवढंच म्हणते की जे करायचं ते एकदा नीट ठरवून कर, दर महिन्याला तोंड पाडून बसू नकोस.

ता. क. माझे बाबा मे महिन्यात साताऱ्याहून येताहेत. त्यांना एकदा विमानातून फिरवायचं आहे.

– जमिनीवरचा पायलट

* * *

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य तुमच्या पत्नीचं आहे, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते. तुम्हाला पैसे कमी पडतात असं मला वाटत नाही. महिन्याला २५० म्हणजे वर्षाला ३,००० डॉलर. आत्ताच्या १८५ च्या भावानेसुद्धा त्यात १६ तास बसतात. तरीही पाच महिने तुम्ही उडाला नाहीत, कारण प्रत्येक उड्डाणाच्या वेळी तुम्ही तो खर्च नव्याने मंजूर करून घेता, स्वतःकडून आणि मनातल्या मनात घरच्यांकडून. दर वेळी डायपर जिंकतो, आणि जिंकायलाच हवा.

तेव्हा पहिलं काम बँकेत. वेगळं खातं उघडा, दर महिन्याच्या १ तारखेला २५० डॉलर आपोआप त्यात जाऊ द्या, आणि विमानाचा प्रत्येक खर्च त्याच खात्यातून करा. डिसेंबर ते फेब्रुवारीत ओहायोच्या आभाळात ढग खाली आलेले असतात, ढगात बर्फ धरण्याची भीती असते, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात नुसत्या उपकरणांवर उडण्याचा परवाना) नसलेल्या माणसाची निम्मी बुकिंगं रद्द होतात. ते पैसे खात्यात साठतात आणि एप्रिलनंतर कामाला येतात. हिशेब वर्षाचा ठेवा, महिन्याचा नको. खातं रिकामं झालं की उडणं थांबलं. त्यावर घरात चर्चा नाही आणि तोंड पाडणंही नाही.

आता स्वतःच्या विमानाबद्दल. तुमच्या ओळखीच्यांनी सांगितलं ते अर्धंच खरं आहे. सेसना १५० चं इंजिन तासाला साधारण सहा गॅलन पेट्रोल पितं. गॅलनला सहा डॉलर धरले तर ३६ डॉलर. इंजिन बनवणाऱ्यांनी ओव्हरहॉलसाठी (इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधण्यासाठी) सुचवलेली मर्यादा १,८०० तासांची आहे आणि ओव्हरहॉल तीस हजारांच्या घरात जातं, म्हणून दर तासाला १७-१८ डॉलर बाजूला टाकायला हवेत. तेल, टायर, किरकोळ दुरुस्त्या धरून तास ६५ डॉलरला पडतो. ऐकायला गोड आहे. पण हे झाले उडण्याचे पैसे. न उडण्याचे वेगळे असतात. उघड्यावर विमान बांधून ठेवायला महिन्याला ७५ म्हणजे वर्षाला ९००, विमा १,२००, वार्षिक तपासणी १,५००, आणि तीही तपासणीत काही निघालं नाही तर. हे माझे अंदाजाचे आकडे आहेत, तुमच्या विमानतळावर थोडे इकडेतिकडे होतील, पण बेरीज ३,६०० च्या आसपास येते. म्हणजे चावी फिरवण्याआधीच तुमचं वर्षाचं बजेट ओलांडलं. वर ३६ हजारांच्या कर्जावर आठ टक्के व्याज धरलं तर आणखी २,८८०. एखादा सिलिंडर बदलावा लागला तर त्या वर्षी विमान तुम्हाला खाली उभं राहूनच बघावं लागेल, हप्ते भरत. दारात हत्ती बांधणं म्हणतात ते हेच. विकत घेताना तो परवडतो, पोसताना नाही.

ज्यांना वर्षाला शंभर तास उडायचं असतं त्यांचं गणित वेगळं असतं, कारण न उडण्याचे पैसे शंभर तासांत वाटले जातात. तुम्ही वीस तासांचे पायलट आहात. त्यात कमीपणा काही नाही, पण वीस तासांच्या माणसाने विमान एकट्याने पाळू नये. आणि त्यासाठी राहतं घर तर मुळीच गहाण टाकू नये, हे मी सल्ला म्हणून नाही, जवळजवळ दम देऊन सांगते आहे.

तुमची वाट फ्लाइंग क्लबची आहे. स्कूल नव्हे, क्लब. स्कूलला नफा हवा असतो. ना-नफा क्लबात दहा-पंधरा सभासद मिळून एक-दोन विमानं सांभाळतात. हँगर, विमा, तपासणी यांचा बोजा मासिक वर्गणीतून वाटला जातो, आणि तासाचा दर खर्चाला टेकून असतो. अशा क्लबात १५० किंवा १५२ सारखं छोटं विमान असेल तर बघा. समजा प्रवेश फी ५०० एकदाच, वर्गणी महिन्याला ६५, आणि तास पेट्रोलसकट १०५ डॉलर. वर्षाची वर्गणी ७८० झाली. भाड्याने उडणाऱ्याचा विमा साधारण २००. उरलेल्या २,०२० मध्ये १९ तास होतात.

हे १९ तास स्कूलच्या १९ तासांपेक्षा मोठे असतात. स्कूलमध्ये बहुतेक हॉब्ज मीटर लावतात, तो इंजिन चालू असेपर्यंत घड्याळासारखा पळतो. क्लबात बरेचदा टॅक मीटरवर पैसे घेतात. टॅकचा तास इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजला जातो, म्हणून जमिनीवरून विमान चालवत नेताना किंवा रनवेच्या तोंडाशी तुम्ही वाट बघत असता तेव्हा तो अर्ध्याहूनही कमी वेगाने चालतो. फरक दहा-पंधरा टक्क्यांचा पडतो. १९ टॅक तास म्हणजे हॉब्जचे जवळपास २२. तुमच्या १७२ वर विम्याचे पैसे वजा करून १५ होतात. वर्षाला सात तास जास्त, तेवढ्याच पैशांत. म्हणून क्लबात चौकशी करताना दराआधी हे विचारा, की दर कुठल्या मीटरवर आहे आणि पेट्रोल धरून की वेगळं.

पहिल्या वर्षी मात्र हा फायदा दिसणार नाही. प्रवेश फी आणि इन्स्ट्रक्टरचे पैसे जाऊन टॅकचे तेराएक तास हाताशी राहतील, म्हणजे स्कूल आणि क्लब यांची बरोबरी होईल. क्लब फळतो तो दुसऱ्या वर्षापासून. सहा महिन्यांनी हिशेब करून नाराज होऊ नका.

तुमच्या सासऱ्यांना एक सांगा. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला भारतातलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं, आणि ते शिकले बॉम्बे फ्लाइंग क्लबात. टाटाही क्लबातलेच. आणि तुम्ही राहता तिथून जवळच हफमन प्रेअरी आहे, तिथे एकदा मुलीला घेऊन फिरायला जा. १९०४-०५ मध्ये राइट बंधू तिथे उडायचे. ते एका बँकरचं कुरण होतं, आणि त्याने भाडं न घेता वापरायला दिलं होतं, अट एवढीच की उडण्याआधी गाई-घोडे बाहेर काढायचे. काटकसरीने उडणं ही तुमच्या गावचीच परंपरा आहे.

क्लब निवडताना वेबसाइटवर जाऊ नका, शनिवारी सकाळी आठला हँगरवर जा. विमान जागेवर आहे का? दर शनिवारी ते त्याच दोघांकडे असतं का? एका विमानामागे किती सभासद आहेत? पंधराच्या वर गेले तर उन्हाळ्यातला शनिवार मिळणं कठीण. बिघाडांची वही बघायला मागा. तक्रारी लिहिलेल्या असणं चांगलंच, फक्त त्या कधी मिटल्या त्याच्या तारखा बघा. इंजिनाचे किती तास झालेत आणि ओव्हरहॉलच्या नावाने बँकेत किती रक्कम आहे, हे विचारायला लाजू नका. इंजिन १,७०० तासांचं आणि गंगाजळी रिकामी असेल तर पुढच्या वर्षी सगळ्या सभासदांकडे वर्गणीचं पत्र येणार हे नक्की. विम्याची वजावट किती, आणि विमान तुमच्या हातून आपटलं तर ती कोणाच्या खिशातून, हेही. काही क्लबांची पॉलिसी क्लबाला वाचवते, सभासदाला नाही, आणि मग विमा कंपनी नुकसान भरून घ्यायला तुमच्याच मागे लागू शकते. वर धरलेले विम्याचे २०० डॉलर त्यासाठीच आहेत, ते वाचवू नका.

चौघांनी मिळून विमान घेण्याचा पर्याय तुम्ही लिहिला नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. वरचेच आकडे घेतले तर स्थिर खर्चाचा तुमचा वाटा ९०० येतो, अचानक खर्चासाठी ५०० बाजूला ठेवले तर उरलेल्या १,६०० मध्ये चोवीसएक तास. क्लबाहून थोडे जास्त. पण त्यासाठी आधी ९,००० डॉलर रोख अडकतात, आणि तीन माणसांशी लग्न लागतं. कोणी गाव सोडून गेला, कोणाचा घटस्फोट झाला, कोणाला महागडा रेडिओ बसवायचा आहे आणि बाकीच्यांना नाही. मुलगी शाळेत गेली, डे-केअरचे पैसे सुटले, की तेव्हा विचार करा. तोवर क्लबात हे लोक कसे वागतात ते कळेलच. विमानात कचरा ठेवून जाणारा भागीदार कसा निघेल ते सांगायला ज्योतिषी नको.

आता मंडळातल्या मित्रांबद्दल. इथे तुम्ही लायसन्सच गमावून बसाल. प्रायव्हेट पायलटने पैसे घेऊन माणसं न्यायची नाहीत, हा मूळ नियम. अपवाद एवढाच, की त्या उड्डाणाचं पेट्रोल, तेल, विमानतळाचे पैसे आणि विमानाचं भाडं सगळ्यांनी वाटून घ्यावं, आणि तुमचा वाटा इतरांपेक्षा कमी नसावा. विमानात तुम्ही धरून चौघं असाल तर किमान एक चतुर्थांश तुमचा. क्लबाची वर्गणी त्यात घालायची नाही. दीड तासाच्या उड्डाणाचं भाडं २८० डॉलर झालं तर प्रत्येकी ७०. माणशी शंभर घेतले तर तिघांचे तीनशे होतात, म्हणजे तुम्ही फुकट उडून वर वीस डॉलर खिशात घातलेत.

आणखी एक अट लोक विसरतात. प्रवासाचा हेतू सगळ्यांचा सारखा हवा. तुम्हालाही त्या दिवशी तिथे जायचंच असेल तर ठीक. "कुठे जायचं सांगा, नेतो" म्हटलंत की तुम्ही टॅक्सीवाले झालात. आणि जाहिरात करायची नाही. मंडळाच्या चारशे जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "रविवारी तीन जागा आहेत" असा मेसेज म्हणजे जाहिरातच. बॉस्टनच्या फ्लायटनाऊ नावाच्या कंपनीने पायलट आणि प्रवासी यांची गाठ घालून देणारी वेबसाइट काढली होती. अमेरिकेतल्या विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, एफएएने, ती अडवली, आणि २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने एफएएच्या बाजूने निकाल दिला. खर्च वाटून घेण्याबद्दल एफएएने २०२० मध्ये एक परिपत्रकही काढलं आहे. ते वाचायचा कंटाळा करू नका.

शिवाय वजनाचं काय? १७२ मध्ये चार खुर्च्या आहेत म्हणून चार मोठी माणसं बसवून टाक्या भरता येतात असं नाही. १८० पौंडांचे चौघे म्हणजे ७२०, चाळीस गॅलन पेट्रोलचे २४०, बेरीज ९६०. बऱ्याच १७२ चा पेट्रोलसकट भार पेलण्याचा आकडा ८५० ते ९०० च्या आसपास असतो. मंडळाच्या गणेशोत्सवातलं जेवण बघता १८० हा आकडाही मी सौजन्याने धरला आहे. एका वेळी एकच मित्र न्या, खर्च अर्धा-अर्धा करा. कायदा आणि विमान दोन्ही सुखी.

खर्च खरोखर अर्ध्यावर आणायचा असेल तर दुसरा पायलट शोधा. क्लबातच मिळेल. जाताना तो चालवेल, येताना तुम्ही. प्रत्येकाने आपापल्या तासाचे पैसे द्यायचे, पण हवेत दोघेही दुप्पट वेळ असता. दुसऱ्याच्या शेजारी बसून त्याचा रेडिओ, त्याचं लँडिंग बघणं हे मोठं शिक्षण असतं, आणि ते फुकट आहे. अमेरिकेत पायलट मंडळी "शंभर डॉलरचा बर्गर" म्हणतात, म्हणजे दुसऱ्या विमानतळावर जाऊन जेवून यायचं. हल्ली तो शंभरात मिळत नाही. पण तुमच्या उत्तरेला अर्बानाच्या ग्राइम्स फील्डवर विमान कॅफेच्या दारात उभं करता येतं, तिथली 'पाय' ही गोड पेस्ट्री नावाजलेली आहे, आणि शेजारच्या संग्रहालयात एक बी-१७ बॉम्बर पुन्हा उभं करण्याचं काम चालतं. दोघांत वाटून घेतला तर तो दिवस तुम्हाला परवडतो.

इंजिन नसलेल्या विमानाचाही विचार करा. वेन्सव्हिलजवळ सीझर क्रीकला ग्लायडरचा क्लब आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. तुमच्याकडे विमानाचं लायसन्स असल्याने ग्लायडरसाठी लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, आणि ग्लायडरला मेडिकल (वैद्यकीय प्रमाणपत्र) लागत नाही. पैशांत हा प्रकार स्वस्त आहे, पण वेळेत महाग. तिथे सगळं सभासदच करतात. दोरी लावायची, पंख धरून पळायचं, दुसऱ्यांची ग्लायडर ढकलायची. वीस मिनिटं उडण्यासाठी अख्खा शनिवार जातो. दीड वर्षाच्या मुलीला दिवसभर एकटी सांभाळणारी बायको त्या शनिवारचं बिल कधीतरी लावेलच. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की दोघांनी मिळून जा. आत्ता नको.

सिव्हिल एअर पॅट्रोल या अमेरिकी हवाई दलाच्या स्वयंसेवी साहाय्यक संस्थेचं नाव ऐकलं असेल. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात, तेव्हा तुम्ही अजून एच-१ व्हिसावर असाल तर तो पुढचा विषय. तिथे गणवेश आहे, शोधकार्याचं प्रशिक्षण आहे, आणि विमानं स्वस्त पडतात. पण ती कुटुंबाला फिरवण्यासाठी नाहीत. सेवेची आवड असेल तर जा, स्वस्त तासांसाठी जाऊ नका. ते लोक ओळखतात.

बाकी पैसे कुठे झिरपतात तेही बघा. नवा हेडसेट, नवा टॅबलेट, महागडं अॅप, पायलटचं जाकीट. यातलं काहीही तुम्हाला चांगला पायलट करत नाही. नकाशे एफएएच्या साइटवर फुकट मिळतात. घरच्या सिम्युलेटरचे तास लॉगबुकात लिहिता येत नाहीत, पण चेकलिस्ट आणि रेडिओची बोली जिभेवर ठेवायला तो चांगला. मेडिकलची काळजी नको. चाळिशीच्या आत काढलेलं थर्ड क्लास मेडिकल ६० महिने चालतं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून नव्या नियमांनी १७२ सारखी विमानंही एका प्रवाशापुरती आणि दिवसा, वेगळ्या मेडिकलशिवाय, नुसत्या ड्रायव्हिंग लायसन्सवर चालवायची सोय झाली आहे, पण ती तुम्हाला आत्ता लागत नाही.

एक कागद मात्र आजच काढा, टर्म इन्शुरन्सची पॉलिसी. तिच्यात खासगी विमान चालवताना झालेला मृत्यू वगळलेला आहे का ते वाचा. वगळलेला असेल तर ज्यांना पायलट चालतो अशा कंपनीकडून दुसरी पॉलिसी घेतल्याशिवाय उडू नका, मग त्यासाठी २५० मधले ३० गेले तरी चालतील. तुमच्या पत्नीने हे विचारलं नसेल, कारण तिला ते माहीत नसेल.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. कमी पैशांत उडणारे लोक पैशांनी अडत नाहीत, ते गंजतात. तीन महिन्यांनी एकदा, छान ऊन पडलं म्हणून, कोणीतरी पाहुणे आले म्हणून उडायचं, आणि आडव्या वाऱ्यात लँडिंग करताना हात विसरलेले असतात. कायदा म्हणतो ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केली असली की प्रवासी नेता येतात. तो कायद्याचा किमान आकडा आहे. शंभर-सव्वाशे तासांच्या पायलटला तो पुरत नाही. तुमच्या २० तासांतले बारा-तेरा तास मी सरावाचे धरीन. महिन्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, घरच्याच विमानतळावर. एकदा नुसती लँडिंगं, एक वाऱ्यात, एक पॉवर पूर्ण काढून. पुढच्या वेळी स्टॉल (पंखांची उचल सुटणं), स्टीप टर्न (खूप तिरकं वळण), इंजिन बंद पडल्याचा सराव. तीस दिवसांहून मोठी फट पडू द्यायची नाही, आणि साठ दिवस झाले तर पुढचा तास इन्स्ट्रक्टरबरोबर, क्लबाचा नियम काहीही असो. उरलेले सात-आठ तास फिरायचे, पत्नीबरोबर, मित्राबरोबर, अर्बानाला.

छोटं विमान यासाठीही बरं. १५० किंवा १५२ सावकाश जातं, दोघंच बसतात, वाऱ्यात डुलतं, आणि रडर (शेपटीचं सुकाणू) कसा वापरता ते लगेच दाखवतं. हौशी माणसाला वेळेवर कुठे पोचायचं नसतं.

आणि तिसरी वाट, सोडून देण्याची? तीही चुकीची नाही, फक्त तिला सोडणं म्हणू नका. पायलटचं सर्टिफिकेट अमेरिकेत कधी संपत नाही. डे-केअर संपेपर्यंत दोन-तीन वर्षं ठरवून थांबलात, तेच २५० डॉलर साठवलेत, आणि मग इन्स्ट्रक्टरबरोबर दहा-बारा तास लावून परत आलात, तर ते वर्षातून चारदा भीत-भीत उडण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. जवळपास क्लब नसेल, किंवा असून छोटं विमान नसेल, तर मी तुम्हाला हीच वाट सांगेन.

राहता राहिले बाबा. लायसन्स दोन वर्षांपूर्वी मिळालं असं लिहिलंत, महिना लिहिला नाहीत. त्या महिन्यापासून २४ कॅलेंडर महिने पूर्ण होऊन गेले असतील तर फ्लाइट रिव्ह्यू (इन्स्ट्रक्टरबरोबरची उजळणी) झाल्याशिवाय तुम्हाला एकट्यानेसुद्धा उडता येणार नाही. तो किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. क्लबात शिरताना त्यांच्या विमानावर चेकआउट, म्हणजे ते चालवून दाखवण्याची चाचणी, द्यावीच लागते, तेव्हा त्याच इन्स्ट्रक्टरला सांगून दोन्ही एकाच वेळी उरका. तीनएक तासांत होईल, पैसे एकदाच जातील. हे फेब्रुवारीच्या अखेरीला करा, मार्च-एप्रिलमध्ये महिन्याला दोनदा उडा, म्हणजे मे महिन्यात ९० दिवसांचा नियम आपोआप पाळला जाईल आणि हातही बसलेला असेल.

उड्डाण सकाळी सातला ठेवा, दुपारी जमीन तापली की विमान हादरतं. बाबांना पुढे, तुमच्या शेजारी बसवा. आदल्या दिवशी विमान उभं असताना त्यांना चढून-उतरून बघू द्या, १५२ चं दार अरुंद आहे आणि गुडघे कुरकुरतील. वजन विचारा, मोजून, अंदाजाने नाही. खिशात उलटीसाठी दोन पिशव्या ठेवा. पहिली फेरी वीस मिनिटांची, विमानतळ दिसत राहील इतकीच. त्यांना आवडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, खात्यात तोवर पैसे असतील.

– ताई